चेंडूला उद्देशून

पुण्याहून संपादकांचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते.

"बाई, एक विचारू का? तुम्ही गोल्फचं मैदान कधी पाहिलंय?"

"पाहिलंय की. सिनेमात."

मग आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात ते म्हणाले, "तुमच्या अनुवादात एके ठिकाणी आहे, 'मग म्हाताऱ्याने चेंडूला उद्देशून चार शब्द उच्चारले.' हे चार शब्द मला मूळ लेखात सापडेनात."

मलाही सापडले नव्हते. मूळ इंग्रजीत म्हातारा चेंडूला 'अ‍ॅड्रेस' करतो एवढंच होतं. म्हातारा एकूण विक्षिप्तच दिसत होता, तेव्हा करत असेल भाषण, असं समजून मी पुढे गेले होते. पुढच्याच पानावर एका गृहस्थाला 'बॅड लाय' मिळाला होता, म्हणजे त्याचा चेंडू अडचणीच्या जागी जाऊन पडला होता. माझ्या मराठीत तो गृहस्थ धडधडीत खोटं बोलला आणि शिक्षा म्हणून त्याला झुडपात जावं लागलं. आणखी पुढे एका लॉर्डसाहेबांनी पिशवीतून ड्रायव्हर नावाची लांब काठी बाहेर काढली होती. तिथे मी त्यांच्या मोटारीच्या ड्रायव्हरला खाली उतरवलं. पिशवी आडवी येत होती, म्हणून पिशवी गाळली.

सांगलीच्या कॉलेजात हयातभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईची ही कथा. माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी आपले जुने मार्क मागू नयेत.

हे जुने इंग्रजी लेख अनुवादाला घेतले ते गोल्फसाठी नव्हेच. मला ते लिहिणारे लोक आवडले होते. समुद्राकाठच्या वाऱ्यात दिवसभर चालायचं, हरायचं, आणि घरी येऊन आपण कसे हरलो ते हौसेनं लिहायचं. वाऱ्यावर दोन पानं, सकाळच्या न्याहारीवर एक, आणि प्रत्यक्ष फटका अर्ध्या ओळीत. तोही चुकलेला. जिंकल्याचं वर्णन आलंच, तर लेखक जरा ओशाळलेला दिसायचा. एवढं सगळं मला समजलं होतं. फक्त खेळ समजला नव्हता.

"एकदा मैदान बघून या," संपादक म्हणाले, "मग आपण छापू."

कर्जत

माझी मावसबहीण शैला कर्जतला राहते. तिथल्या शाळेत तिनं इतकी वर्षं गणित शिकवलं, की बाजारात भाजी घ्यायला गेली तरी निम्मे लोक पाठीमागे हात बांधून उभे राहतात. मी फोनवर अडचण सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग इकडे ये ना! आमचे दामले डॉक्टर खेळतात की गोल्फ. खालापूरच्या बाजूला मैदान आहे. तू सांगलीत बसून काय करतेस?"

जानेवारी होता. कर्जतला थंडी पहाटे कामावर येते आणि नऊ वाजता घरी जाते. मी सांगलीहून दोन स्वेटर आणले होते. ते तिन्ही दिवस शैलाच्या खुर्चीवर पडून राहिले आणि जाताना मी ते परत घेऊन गेले.

डॉक्टर दामले संध्याकाळी चहाला आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले. कर्जतच्या दोन पिढ्यांचे खोकले त्यांनी ऐकले असतील. गोल्फ ते कुठल्याशा चहाच्या मळ्यावरच्या दवाखान्यात तरुणपणी नोकरी करताना शिकले होते. माझी पानं त्यांनी मागून घेतली आणि खोबऱ्याची वडी खात वाचायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्यांना वडीचा ठसका लागला. शैलानं पाणी आणलं.

"ताई," डोळे पुसत ते म्हणाले, "हा झुडपात जाणारा माणूस मला फार आवडला. तो बदलू नका."

मग त्यांनी शैलाच्या अंगणात छत्री उलटी धरून मला शिकवायला घेतलं. चेंडूच्या जागी लिंबू. पाय किती अंतरावर, हात कसे, मान खाली. "हे जे आत्ता तुम्ही उभ्या आहात ना, चेंडूसमोर, तयारीत, तोंड मिटून, ह्याला म्हणतात अ‍ॅड्रेस." म्हणजे माझा म्हातारा त्या क्षणी आयुष्यात सगळ्यात गप्प होता.

"परवा चला आमच्याबरोबर," डॉक्टर म्हणाले. "माझा आणि बाळारामचा सामना आहे. दर हिवाळ्यात एक असतो. हा शेवटचा."

ते सहज बोलले, म्हणून मीही सहज ऐकलं. ते गेल्यावर शैलानं सांगितलं. डॉक्टर पुढच्या महिन्यात कोल्हापूरला मुलीकडे कायमचे जायचे होते. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून मुलगी मागे लागली होती. आता घरही भाड्यानं दिलं होतं. बाळाराम ठोंबरे हा पोशीरचा. भातशेती होतीच, शिवाय तो रोपवाटिका चालवतो, आणि लॉनचं गवत पुरवतो. खालापूरच्या मैदानाचं गवत त्याचंच. गवत घालायला म्हणून गेला आणि डॉक्टरांनी त्याच्या हातात काठी दिली.

"आणि आजवर एकदाही डॉक्टरांना हरवू शकला नाही," शैला म्हणाली. "दर वर्षी हरतो आणि दर वर्षी जातो. चिडतो तर असा! हरला की आठवडाभर डॉक्टरांचा फोन घेत नाही."

पोशीर

दुसऱ्या दिवशी शैला मला पोशीरला घेऊन गेली. बाळाराम फाटकातच उभा होता. पन्नाशीचा, रुंद, पांढऱ्या बुटांतला. असे पांढरे बूट त्या आवारात कसे पांढरे राहतात याचं मला शेवटपर्यंत कोडं राहिलं.

"या ताई. डॉक्टरांनी सांगितलं मला. तुमी गोल्फवर पुस्तक लिवताव म्हनं."

"लिहीत नाही हो, दुसऱ्यानं लिहिलेलं बिघडवते."

तो मोठ्यानं हसला आणि मला आवार दाखवायला निघाला. गवताच्या पट्ट्या सतरंज्यांसारख्या गुंडाळून ठेवल्या होत्या. दोन माणसं त्या टेंपोत चढवत होती. हे गवत पनवेलला, ते लोणावळ्याला, ते अमक्या बंगल्याला, असं तो सांगत होता. त्या सगळ्यात नम्रपणाचा मागमूस नव्हता, आणि ते मला आवडलं. "ह्या चार तालुक्यांत जिथं जिथं हिरवं दिसंल," तो म्हणाला, "तिथं मी हाय."

मागे भाताची खाचरं कापणी होऊन मोकळी पडली होती. पलीकडे माथेरानचा डोंगर. खाचरात त्यानं एक डबा पुरून ठेवला होता आणि त्यावर बांबूला लाल फडकं बांधलं होतं. तिथे तो सराव करायचा. त्यानं एक चेंडू मारून दाखवला. चेंडू वर गेला, दिसेनासा झाला, आणि फडक्याच्या जवळ टपकन पडला. मग काठी त्यानं माझ्या हातात दिली.

आदल्या दिवशीचं लिंबू आठवून मी उभी राहिले. पाय, हात, मान, तोंड. काठी वर नेली आणि पूर्ण ताकदीनं खाली आणली. चेंडू होता तिथेच होता. पुन्हा मारलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी कापलेल्या भाताचा खुंट उपटून गेला आणि माझी चप्पल त्याच्या मागोमाग.

बांधावर बाळारामची बायको सुमन येऊन उभी होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ताई, तुमी मारताव का वारा घालताव त्याला?"

"अगं, पावन्यांना असं बोलतात का?" बाळाराम म्हणाला, पण त्याचंही हसू फुटायच्या बेतात होतं. शैला तर बांधावर बसलीच.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, तिला भाजीची जोड लागतेच; ही पांढरी, मऊ भाकरी नुसती खात बसावी अशी. जेवताना मी बाळारामला विचारलं, उद्या जिंकणार का?

तो बिरड्यातला एक वाल बोटानं बाजूला सारत राहिला.

"जिकायला पायजे ताई. आता परत कदी? डॉक्टर चालले कोल्हापूरला." मग एकदम आवाज चढवून, "आन सोडनार नाय! त्यांनी मला सोडलं का कदी? एकदा पन नाय. पयल्या वर्षी मला काठी धरता येत नवती, तरी नाय सोडलं."

हे तो तक्रारीच्या सुरात सांगत होता, पण चेहरा मात्र आपल्या मुलाचे मार्क सांगणाऱ्या माणसासारखा होता.

खालापूर

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही निघालो. पळसदरी, खोपोली, मग खालापूर. टोलनाक्यापाशी ट्रकांची रांग, तहसील कचेरीबाहेर कागद घेऊन उभी असलेली माणसं. तिथून आत वळून डोंगराच्या पायथ्याशी गेलं की मैदान. नऊ होलांचं, लहानसं. हवेत मात्र लांबवर एक्सप्रेसवेची अखंड गाज. माझ्या लेखकांना समुद्राची गाज असायची. मी डोळे मिटून समुद्र ऐकायचा प्रयत्न केला, तेवढ्यात एका ट्रकनं हॉर्न दिला.

पहिला खोडा दारातच पडला. काउंटरवरची मुलगी माझ्या पंजाबी ड्रेसकडे बघून अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, कॉलर लागते."

"मी खेळणार नाहीये."

"तरी लागते, मॅडम. रिवाज आहे."

कॉलर नसलेल्या माणसाला गोल्फ दिसू नये असा तो रिवाज असावा. डॉक्टरांनी गाडीतून आपला जादाचा टी-शर्ट आणून दिला. केशरी-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा. तो मी कुर्त्यावर चढवला. वर शैलाची उन्हाची टोपी. बाळारामनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमी एक्सप्रेसवेवर जाऊ नका. ट्रक थांबतील."

सामन्याची रीत सोपी होती. प्रत्येक होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतचा टप्पा, ही स्वतंत्र लढाई. ज्याला तिथे कमी फटके लागतील, त्यानं ते होल जिंकलं. नऊंमध्ये ज्याची होलं जास्त, त्याचा सामना. बाकीचे नियम मला पाठच होते, कारण मी त्यांचं भाषांतर केलं होतं. बोलायचं नाही. हलायचं नाही. मागचं होल जिंकलेल्यानं आधी मारायचं. काठीनं उपटलेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवायचा. हा शेवटचा रिवाज बाळाराम तर आईनं मुलाला पांघरूण घालावं तसा पाळायचा. डॉक्टरांनी उपटलेले तुकडेही तोच बसवायचा. "गवत माजं हाय," तो म्हणायचा.

आमच्या सांगलीच्या गल्लीत क्रिकेट चालतं तेव्हा गच्चीवरच्या आजीसकट सगळे ओरडत असतात, आणि आउट झालेला मुलगा बॅट घेऊन घरी गेला की सामना संपतो. इथे दोन प्रौढ माणसं आपापल्या चेंडूमागे देवळात चालावं तशी चालत होती. मला ते फार भावलं, आणि भावलं की मी बोलते. पहिल्याच होलवर डॉक्टरांची काठी वर गेली असताना मी "अहाहा" म्हणाले. चेंडू तळ्यात गेला.

डॉक्टर फक्त तळ्याकडे बघत राहिले. तिसऱ्या होलवर माझी सावली बाळारामच्या चेंडूवर पडली. टी-शर्टमुळे ती चांगली ऐसपैस होती. पाचव्यावर माझा फोन वाजला. शैलाचा होता, "काय गं, कोण पुढे आहे?"

पुढे कोणीच नव्हतं. कधी डॉक्टर एका होलनं पुढे जात, कधी बाळाराम ते भरून काढी. डॉक्टरांचा फटका आखूड पण सरळ. बाळारामचा लांब, पण त्याला वाटेल तिकडे. सहा होलांनंतर बरोबरी झाली. बाळारामच्या मानेवरून घाम ओघळत होता. या सगळ्याचं आपण आतापर्यंत नुकसानच केलं, थोडा उपयोग तरी व्हावा, म्हणून मी त्याची काठ्यांची चाकाची ट्रॉली ओढायला घेतली. तो "र्‍हाऊ द्या ताई" म्हणाला. मी राहू दिलं नाही. सातव्या होलचं सगळं मैदान मी ती ट्रॉली ओढत, स्वतःवर खूश होऊन चालले.

तिथे बाळारामचा चेंडू उजवीकडे उंच गवतात गेला. तिघंही शोधायला लागलो. डॉक्टर काठीनं गवत बाजूला करत होते, बाळाराम वाकून. आणि तो मला दिसला! करवंदीच्या जाळीच्या बुडाशी, पांढराशुभ्र. सकाळपासून पहिल्यांदा माझ्या हातून काही चांगलं घडत होतं. मी चेंडू उचलला, डोक्यावर धरला आणि ओरडले, "सापडला! सापडला!"

दोघंही जागच्या जागी थांबले. 

बाळारामचं तोंड उघडं राहिलं होतं. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, ठेवा तो. होता तिथे. अगदी होता तिथे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चेंडू पडला असेल तसा खेळायचा, हा या खेळाचा पहिला नियम. त्यावर मी चांगलं पल्लेदार मराठी वाक्य रचलं होतं आणि ते घरात मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. मी चेंडू परत जाळीच्या बुडाशी ठेवला.

"काही बिघडलं नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रेक्षकानं उचलला तर परत ठेवायचा आणि खेळायचं. दंड नाही. चल, मार बाळाराम."

बाळाराम हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे माझ्या डाव्या हाताकडे. त्या हातात त्याची ट्रॉली होती.

"त्या प्रेक्षक नायत," तो म्हणाला.

"अरे, मग कोण आहेत?"

"माजी ट्रॉली वढतायत. मंजी त्या माजी कॅडी. कॅडीनं उचलला मंजी मीच उचलला. एक फटका दंड."

"मी काही पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मी डोंगर बघत होतो."

"तुमी डोंगर बगा नायतर आभाळ बगा. मी बगितलंय ना."

"बाळाराम, हट्ट करू नकोस. पाहुण्या आहेत त्या. एक होल ट्रॉली ओढली म्हणून—"

"डॉक्टर, नियम कोनी शिकवले मला?"

डॉक्टर बाजूला झाले.

मी काय सांगू? एका जुन्या लेखात असा एक खेळाडू आहे. त्याचा चेंडू गवतात किंचित हलतो. कोणी पाहिलेलं नसतं. तो स्वतःच दंड सांगतो आणि हरतो. भाषांतर करताना मला तो प्रसंग भाबडा वाटला होता, आणि मी दोन वाक्यं हळूच गाळलीही होती. आता तोच प्रसंग माझ्यासमोर पांढरे बूट घालून उभा होता, आणि तो घडवून आणणारी मी होते. बाळारामची इतक्या वर्षांत एकच संधी, तीही शेवटची, आणि ती मी करवंदीतून उचलून डोक्यावर नाचवली होती. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण बसायला गेले असते तर गवतात आणखी कोणाचा तरी चेंडू असता.

"मी ट्रॉली ओढलीच नाही," मी म्हणाले. "नुसता हात ठेवला होता." खालापूर तालुक्यात कोणी बोललं नसेल एवढं ते केविलवाणं खोटं होतं. ट्रॉलीच्या चाकांच्या दोन रेघा माझ्या पायांपर्यंत आलेल्या दिसत होत्या.

बाळारामनं दंड मोजला. त्या एका फटक्यानं ते होल गेलं. डॉक्टर एका होलनं पुढे, आणि उरली दोन.

ट्रॉली मी तिथेच सोडली आणि दोघांपासून दूर, झाडांच्या कडेनं, खिशात हात घालून चालू लागले. टी-शर्टला खिसे नव्हते, तेव्हा कुर्त्याचे शोधावे लागले.

आठव्या होलवर बाळारामनं सगळा राग चेंडूवर काढला. फटक्याचा आवाज डोंगरावरून परत आला. चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या तुळतुळीत गवतावर, जाऊन थांबला. ते होल त्यानं जिंकलं. पुन्हा बरोबरी. एकच होल बाकी.

नवव्यावर डॉक्टरांचा चेंडू आधी वाळूत गेला. तिथून बाहेर काढताना ते थांबले, गुडघ्यावर हात ठेवून दोन श्वास घेतले, मग मारला. पाचव्या फटक्याला त्यांचा चेंडू भोकात पडला. बाळारामचा चेंडू तीन फटक्यांत ग्रीनवर आला होता. चौथ्यात घातला तर तो जिंकला. पाचवा लागला तर बरोबरी. मधलं अंतर एखाद्या सतरंजीच्या लांबीचं. फार नाही, पण हात थरथरत असतील तर सतरंजी फार लांब असते.

बाळाराम खाली बसला, उठला, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. चेंडूसमोर उभा राहिला, अगदी तोंड मिटून. फोन मी आधीच बंद करून कुर्त्याच्या खिशात ठेवला होता.

"दिला," डॉक्टर म्हणाले.

बाळारामनं मान वर केली. "काय?"

"तो फटका तुला दिला. गेला समज. जिंकलास."

"दिला मंजी? मला मारू द्या!"

"दिलेला फटका नाकारता येत नाही. नियम आहे."

"नको मला! ह्यो काय दान द्यायचा फटका हाय का? बोटभर असता तर गोष्ट येगळी. मला मारू द्या!"

"मार की. पण त्यानं आता काही बदलत नाही."

बाळारामनं रागारागानं मारला. चेंडू सरळ गेला, भोकाच्या काठावर आला, काठावरून वळला आणि पलीकडे हातभर जाऊन थांबला.

एक्सप्रेसवेची गाज तेवढी ऐकू येत होती. डॉक्टरांनी टोपी काढली आणि हात पुढे केला. सामना संपला की टोपी काढून हात मिळवायचा, असा रिवाज आहे. बाळाराम त्या हाताकडे बघत उभा राहिला. मग त्यानंही टोपी काढली. हात मिळवला. पण डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पुन्हा पोशीर

संध्याकाळी पोपटीचा बेत होता. मातीच्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. त्या पाल्याचा वास असा, की त्यापुढे आमच्या सांगलीच्या हुरड्याला थोडं सरकून बसावं लागेल. हे मी सांगलीत मोठ्यानं म्हणणार नाही.

बाळाराम जाळाच्या एका बाजूला आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला; मध्ये मी आणि कर्जतहून आलेली शैला. सुमननं मला हळूच विचारलं, "कोन जिकलं?"

"तुमचे हे जिंकले."

"मग असं तोंड का?"

शैलानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्यांच्या कॅडीमुळे."

मडकं उघडलं. सुमननं शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. वाफा निघत होत्या. सगळे खाऊ लागले. बाळाराम एकच शेंग हातात धरून बसला होता. शेवटी तो बोलला, जाळाकडे बघत.

"तुमाला दया आली माजी. सातव्यावर दंड घेतला म्हनून."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दया आली असती तर पहिल्या वर्षीच आली असती. तेव्हा तू फार वाईट खेळायचास."

"मग का दिलात? चुकला असता तो माजा. चुकलाच. बरोबरी झाली असती." तो थांबला, आणि मग एकदम सगळं बाहेर आलं. "बरोबरी झाली असती तर निकाल लागायचा बाकी र्‍हायला असता! मग पुडल्या वर्षी परत यायला लागलं असतं तुमाला. आता काय? आता लागला निकाल. झालं. जावा कोल्हापूरला."

शैला खायची थांबली. मी हातातली शेंग पानावर परत ठेवली.

डॉक्टरांनी एक शेंग सोलली, दाणे तळहातावर घेतले. "तू इतकी वर्षं दर हिवाळ्यात का येत होतास रे मैदानावर?"

"हरत व्हतो म्हनून! हार फेडायची व्हती."

"हं. हरलेल्याला फेड करायला परत येता येतं. जिंकलेल्यानं नाही म्हणायचं नसतं." त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. "मी आज हरलोय, बाळाराम. बरोबरीसाठी कोल्हापूरहून इतक्या लांब कोण येईल? हरल्यावर मात्र यावंच लागतं."

बाळाराम त्यांच्याकडे बघतच राहिला. समजायला थोडा वेळ गेला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते लपवायला त्यानं घाईघाईनं जाळात दोन काटक्या सारल्या. त्यांची काही गरज नव्हती; जाळ चांगला होता.

"तवा परत येनार मंजी," तो म्हणाला.

"येणार. कधी येऊ ते सांग. आता तू सांगशील तसं."

बाळाराम सावरून बसला. पाठ ताठ केली, पांढऱ्या बुटांवरची राख झटकली. आयुष्यात पहिल्यांदा तो जिंकलेला माणूस होता आणि त्याला ते आत्ता कुठे जाणवत होतं.

"भात कापून झालं की या," तो म्हणाला. "त्याच्या आदी नको. मला येळ नसतो."